काशीचं रिकामं ताट

मार्गशीर्षातल्या गुरुवारी पनवेलच्या मासळी बाजारात एकदा जाऊन बघा. एरवी जिथे दोन शब्द बोलायला घसा ताणावा लागतो, तिथे ओटे धुऊन पडलेले असतात आणि मांजरं गोंधळल्यासारखी इकडेतिकडे फिरत असतात. मासे विकणाऱ्या बायाच घरी घट मांडून बसलेल्या, तिथे गिऱ्हाइकांचं काय घेऊन बसलात! त्या दिवशी चलती असते ती फुलवाल्यांची. पाच फळं, पाच झाडांचे डहाळे, वेण्या, देवीचे मुखवटे. डहाळ्यांची जुडी घेताना माझ्या सासूबाई दर वर्षी त्याच कोपऱ्यावर थबकतात आणि तेच वाक्य बोलतात, "झाडाचा पाला इकत घ्याचा? काय दिस आले गो!" मग दहा जुड्या उलट्यापालट्या करून त्यातली सगळ्यात ताजी उचलतात.

यंदा त्यांनी पाल्याबरोबर नव्या वर्षाचं कॅलेंडरही आणलं. पाय धुवायच्याही आधी ते माझ्यापुढे धरलं. "डिसेंबर काड. चोवीस तारीख बग." आईंना अंक छान वाचता येतात, पण महत्त्वाची गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला त्यांना आवडतं. मी शेवटचं पान उलटलं. पुढच्या वर्षी चोवीस डिसेंबर, गुरुवार, महिना मार्गशीर्ष.

"बगितलंस? परत आला," असं म्हणून त्या पाय धुवायला गेल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईची चाल एखाद्या तारखेमुळे अशी हलकी होते हे मी डोळ्यांनी पाहिलं.

काय परत आलं ते सांगायचं तर दहा वर्षं मागे जावं लागेल. आणि थोडं खालीही जावं लागेल, कारण ज्या अंगणात ते घडलं त्या अंगणावरून आता विमानं धावतात. तेव्हा आमचं गाव जागच्या जागी होतं. पुढे रस्ता, मागे अंगण, अंगणाला लागून भाताची खाचरं, त्यांच्यापलीकडे खाजण आणि मग खाडी. भात कापून झालेलं, पेंढ्याच्या गंजी लागलेल्या, ओल धरून राहिलेल्या जमिनीत वालाचे वेल वर आलेले. सकाळी कर्नाळ्याचा सुळका धुक्यातून निघायला नऊ वाजायचे. तो थंडीचा वास मला आजही येतो. कोवळ्या वालाचा, पेंढ्याचा आणि भरती ओसरल्यावरच्या चिखलाचा. आता आम्ही राहतो त्या नव्या वसाहतीत तो येत नाही, पण दर मार्गशीर्षात माझं नाक त्याला शोधायला जातंच.

त्या वर्षी माझी एकुलती एक लेक श्रुती फ्रान्समध्ये होती. पोरांची अदलाबदल करणारी एक संस्था होती. आपलं पोर वर्षभर परदेशातल्या एखाद्या कुटुंबात राहायचं आणि तिकडचं कोणाचं तरी पोर आपल्या घरी. गावात याची यथेच्छ टिंगल झाली. "पोरगी दिली न् गोरी घेतली," म्हणून बायका नळावर हसायच्या. आमच्याकडे आली ती कासिया, पोलंडमधल्या एका लहान गावातली, सतरा वर्षांची. घराच्या तुळईला पहिल्या आठवड्यात चार वेळा डोकं आपटून घेतलेली, अशी उंच. आईंच्या जिभेवर कासियाची दुसऱ्याच दिवशी काशी झाली आणि तिनंही ते नाव मुकाट्यानं घेतलं.

मी शाळेत भूगोल शिकवते. मी तिला शुद्ध मराठी शिकवायचा घाट घातला होता, वही आणली होती, वहीला कव्हर घातलं होतं. पण काशी बसायची आईंजवळ. भिजवलेले वाल सोलत दोघी दुपारभर बसायच्या आणि त्या वालांबरोबर जी भाषा तिच्या पदरात पडली ती आईंची. दोन महिन्यांत ती मला "काकी, पानी नाय आला" असं सांगायला लागली. माझी वही कोरीच राहिली. मला राग यायचा, थोडा मत्सरही वाटायचा. उगाच कशाला खोटं बोलू?

दिवाळीत श्रुतीचा फोटो आला. ती राहायची त्या घरचा माणूस सुतार होता. त्याच्या बायकोनं कुठून कुठून माहिती काढून दारात पणत्यांऐवजी मेणबत्त्यांची ओळ लावली होती आणि करंजी समजून काहीतरी तळलं होतं. त्या करंजीचा आकार बघून मी पोट धरून हसले आणि मग त्याच फोटोवर टिपं गाळली. न पाहिलेल्या त्या बाईला मी मनातल्या मनात हात जोडले आणि ठरवलं, तुझ्या पोरीसारखी माझी पोर सांभाळलीस, आता इथल्या पोरीचा सण मी असा करीन की तुला तिकडे उचकी लागेल.

पण डिसेंबर लागला आणि काशी मिटत गेली. जेवण अर्धं टाकायची, शाळेतून आली की मागच्या दारात बसून खाडीकडे बघत राहायची. मग संस्थेच्या कर्णिक सरांचा फोन आला. काशीला घर बदलून हवं होतं. मुंबईत एक कुटुंब होतं, त्यांच्याकडे नाताळ होत असे. "तुमची काही तक्रार नाहीये तिची," सर म्हणाले, "एकटं वाटतं म्हणते. मी पंचवीसला फॉर्म घेऊन येतो. तिनं सही केली की झालं."

तक्रार नाहीये, हे तर जास्तच लागलं. तक्रार असती तर भांडता आलं असतं. माझी लेक परक्याच्या घरी राहायला शिकली होती आणि माझ्या घरातून मात्र एक पोर उठून चालली होती. गावातल्या बायका काय म्हणतील हेही मनात आलं, नाही असं नाही. पण आईंना काय सांगायचं, हे त्याहून मोठं होतं. मी सांगितलंच नाही.

त्याच दिवशी काशीजवळ जाऊन बसले. म्हटलं, तुमच्याकडे काय काय असतं ते सांग तरी. ती सांगायला लागली. मोठा दिवस पंचविसावा नाही, चोविसाची संध्याकाळ. दिवसभर उपास. अंधार पडताना पहिली चांदणी दिसली की सगळ्यांनी जेवायला बसायचं. टेबलावरच्या चादरीखाली वाळलेलं गवत पसरायचं. बारा पदार्थ करायचे, एकातही मटण-चिकन नाही. आणि मधोमध मासा, तो हवाच.

"मासा?" मी जवळजवळ ओरडले. "अगं पोरी, तू आगऱ्यांच्या घरात बसलीयेस!"

मी तिथूनच उरणला माझ्या भावाला फोन लावला आणि जिताडा सांगितला. आमच्याकडे जिताडा म्हणजे मानाचा मासा. व्याही पहिल्यांदा यायचे असोत, साहेबाची मर्जी राखायची असो की रुसलेल्या जावयाला परत आणायचं असो, जिताड्याशिवाय भागत नाही. भाऊ म्हणाला, ओळखीच्यांच्या तळ्यातला मोठा काढून आणतो, बुधवारी संध्याकाळी घेऊन येतो. काशी त्या महिन्यात पहिल्यांदा हसली. मी अशी तोऱ्यात स्वयंपाकघरात गेले की बस्स. पोर राहतेय, मी जिंकले.

मंगळवारी रात्री भांडी लावताना आई सहज म्हणाल्या, "उद्या येताना पाच फलं आन. परवा गुरवार हाय."

माझ्या हातातला टोप तसाच राहिला. अक्षांश-रेखांश तोंडपाठ असलेली, पोलंडची राजधानी झोपेत सांगणारी भूगोलाची बाई, आणि आपल्याच घरातला वार तिला ठाऊक नाही! मार्गशीर्षातला गुरुवार. बुधवारी संध्याकाळीच आमच्या घरात फ्रिज पुसला जायचा, मावऱ्याचे, म्हणजे माशांचे, टोप मागच्या पडवीत जायचे, डब्यातला सुका बोंबीलसुद्धा बाहेर. चाळीस वर्षं आईंनी हा नेम पाळला होता. लग्नं झाली, मरणं झाली, पूर येऊन चूल भिजली, पण मार्गशीर्षातल्या गुरुवारी त्या उंबऱ्याच्या आत मासा आला नव्हता. असल्या चुका सुद्धा आमच्याच घरात होऊ शकतात. दुसऱ्या कोणाला एकीचा उपास मासा खाल्ल्याशिवाय सुटत नाही आणि दुसरीचा माशाचा वास आला तर मोडतो, हा पेच कधी पडला असेल?

बुधवारी संध्याकाळी भाऊ आला. मोटरसायकलवर मागे बर्फाचं खोकं बांधलेलं, त्यातून शेपूट बाहेर. दिवसभर त्याचा फोन लागलाच नव्हता, म्हणून मी त्याला फाटकाच्या बाहेरच थांबवलं. "परत घेऊन जा," म्हटलं. "ताई, तल्यातनं काडलेला मासा परत कसा सोरू?" तो म्हणाला. त्याचंही खरंच होतं. तेवढ्यात आई बाहेर आल्या. शेपूट बघितलं, मला बघितलं. मग मी सगळं सांगून टाकलं, उलटसुलट, आधी मासा, मग नाताळ, मग फोन आणि फॉर्म.

त्यांनी माशाचं बाजूला ठेवलं आणि शेवटचं तेवढं धरलं. "काशी जाते बोलली?"

"हो."

"मना नाय बोलली." त्या पायरीवर बसल्या. मी त्यांना रडताना फार वेळा पाहिलेलं नाही, तेव्हाही रडल्या नाहीत. पदरानं कपाळ पुसलं आणि आत हाक मारली, "काशे, भायेर ये."

काशी आली. तिला खोकं दिसलं, आईंचा चेहरा दिसला आणि तिला काय ते समजलं. चार महिने ती आईंच्या पाटाशी पाट लावून बसली होती, गुरुवार म्हणजे काय हे तिला माझ्याआधी कळलेलं होतं. "आये, मना मावरा नको," ती पटकन म्हणाली. "तुमचा गुरवार हाय."

"गप. मी इचारते त्याचं सांग. तुजा उपास कदीपासून?"

"सकाली."

"सोडतेस कदी?"

"सांजचे. चांदनी दिसल्यावर."

"माजा पन सांजचाच. मटन?"

"नाय."

"मावरा?"

"मावरा... पायजे," काशी अगदी बारीक आवाजात म्हणाली.

आई माझ्याकडे वळल्या. "उपासाला मावरा! हिचा देव बरा हाय गो. आमाला कुनी इचारलं नाय." आणि त्या हसल्या. मग उठून उभ्या राहिल्या आणि निकाल द्यावा तसं बोलल्या, "मी माजा नेम मोरत नाय. तू पन तुजा मोरू नको. घर देवीचं हाय, आंगन काय देवीनं अडवून ठेवलेलं नाय. मावरा भायेर शिजल. दोन बायांचे दोन उपास एका दारात मावत नसतील तर दार कशाला केलं?"

मी या बाईची तीस वर्षं सून आहे. आमचं भांडण मिठावरून होतं, टीव्हीवरून होतं, मी कपडे कसे वाळत घालते यावरून होतं. पण त्या क्षणी मला वाटलं, गल्लीत उभं राहून ओरडावं, ही माझी सासू आहे म्हणून.

गुरुवारचा दिवस आठवतो तो हातांच्या गडबडीचा. आत आईंनी घट मांडला. तांब्यात पाच डहाळे, त्यावर नारळ, देवीचा मुखवटा, पुढे फळं. दोघी उपाशी, दोघी स्वयंपाकाला. पदार्थांचा हिशेब काशीकडे होता. वालाचं बिरडं, तांदळाच्या भाकऱ्या, खीर, पुऱ्या, कोबी, वाटाण्याची उसळ, वांग्याचे काप, भजी. तिच्या आईनं फोनवर सांगितल्याप्रमाणे बिटाचं सार केलं, ते बघून आई म्हणाल्या, रंग तर कुंकवाचा हाय, चव बगू. तिकडे उकडून करतात त्या करंज्यांसारखं काहीतरी करायचं होतं, त्यासाठी आईंनी मोदकाची उकड काढून दिली आणि काशीनं तिला मुरड घातली. कोशिंबीर धरून अकरा झाले. लोणचं धरायचं की नाही यावर वाद झाला आणि आईंनी लोणच्याला बाद केलं. "बारावा भायेर हाय," त्या म्हणाल्या.

बारावा बाहेर होता. आमच्याकडे थंडीत शेतात पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, आणि काय काय घालून ते तोंडावर पालथं घालायचं आणि भोवती पेंढा-गोवऱ्यांचा जाळ करायचा. जिताडा तसा लावायचं ठरलं. मासा साफ करून, तुकडे करून, मसाला लावायचं काम माझ्या भावानं आणि नवऱ्यानं केलं, आणि दोन पुरुष एक मडकं भरताना जेवढा घोळ घालू शकतात तेवढा घातला. आई मागच्या दाराच्या उंबऱ्यावर आतल्या बाजूनं उभ्या. एक पाऊल बाहेर नाही, हात कशाला नाही, पण जीभ अंगणभर. "पाला खाली रं! खाली! मासा मदी. शेंगा वर. आरं वर म्हंजे काय खाली? मीठ टाकलं का? बग, इसरला." मध्येच नाकाला पदर लावायच्या, कारण जाळ लागल्यावर वास सुटला होता. मग पदर काढून पुन्हा ओरडायच्या.

काशीनं आणखी एक गोष्ट आणली. तिच्या आईनं पोस्टानं पाठवलेलं पाकीट. त्यात कागदाइतकी पातळ पांढरी पोळी होती, वाटेत मोडून तुकडे झालेली. जेवायच्या आधी प्रत्येकानं एकमेकाच्या हातातल्या पोळीचा कण मोडून खायचा आणि त्या माणसाला चांगलं काहीतरी चिंतायचं, असं तिनं सांगितलं. आईंनी ती उजेडात धरून बघितली. "पापड हाय," त्यांनी ठरवलं, "कच्चा."

बसायचं कुठे, याचा प्रश्न आईंनीच सोडवला. मागच्या दारात उंबऱ्याच्या आत एक चटई, बाहेर एक चटई, आणि दोन्हींवरून एकच चादर सलग. चादरीखाली गवत हवं म्हणताच नवऱ्यानं नव्या भाताचा पेंढा आणून पसरला. आत आईंचं ताट, बाहेर काशीचं, मध्ये उंबरा. आम्ही बाकीचे बाहेर. चांदणी काही दिसेना. त्या संध्याकाळी पौर्णिमेसारखा चंद्र वर आला होता आणि महामार्गाकडचं आभाळ धुरकट होतं. काशी खाचराच्या बांधावर उभी राहून मान मोडून बघत होती. शेवटी कर्नाळ्याच्या बाजूला काहीतरी लुकलुकलं. ती चांदणी होती की दिवा, यावर मी भूगोलाची शिक्षिका असूनही मत दिलं नाही.

आईंनी आरती केली, गुरुवारची कहाणी म्हटली. देवी म्हातारीच्या वेषात फाटकं लुगडं नेसून राजवाड्याच्या दारात येते आणि गर्वानं फुगलेली राणी तिला हाकलून लावते, ती. मग काशीनं ताटं मांडली. एक, दोन, तीन, चार, पाच. आणि एक सहावं, स्वच्छ पुसून, आपल्या शेजारी.

"हे कुनाचं?" आईंनी विचारलं.

काशी अडखळत सांगायला लागली. त्या संध्याकाळी एक ताट जास्तीचं ठेवायचं. रस्ता चुकलेला, ओळख नसलेला, कोणीही दारात आला तर त्याच्यासाठी. "कोन येल ते म्हाईत नसतं, आये."

आईंचा हात घंटेवरच राहिला. आताच संपवलेली कहाणी त्यांच्या तोंडात अजून ओली होती. "म्हंजे," त्या म्हणाल्या, "ती म्हातारी तुमच्या देशात पन येते?" त्यांनी ते ताट जरा पुढे ओढून सरळ केलं. मी मात्र त्या ताटाकडे बघून श्रुतीचा विचार करत होते. तिकडे एका सुताराच्या घरी जास्तीचं ताट म्हणजे माझीच मुलगी होती. डोळे पुसत मी उगाच जाळाचा धूर लागल्याचं निमित्त केलं.

पोळीचा कण मोडायची वेळ आली. काशीनं उंबऱ्यावरून हात आत केला, आईंनी तिच्या हातातला तुकडा मोडून खाल्ला, मग आपला पुढे केला. चांगलं काहीतरी चिंतायचं होतं. आई म्हणाल्या, "जायाचं आसल तर जा. पन उपाशी जाव नको."

काशीनं मान खाली घातली. आणि तेवढ्यात अंगणात चपलांचा आवाज आला. "अहो, कोणी आहे का?" म्हणत घराला वळसा घालून कर्णिक सर आले. पळस्प्याला त्यांचं काही काम निघालं होतं, उद्याची फेरी वाचेल म्हणून आजच आले होते. खांद्याला पिशवी, पिशवीत फॉर्म, हे मला न बघता कळलं. काशीनं त्यांच्याकडे बघितलं, मग रिकाम्या ताटाकडे, मग आईंकडे.

आई आतून म्हणाल्या, "आली म्हातारी."

सर गोंधळून उभे. "मी पाच मिनिटं घेईन फक्त. कासिया, ते तुझं…"

काशी उठली. तिनं लोट्यातलं पाणी त्यांच्या हातावर घातलं, त्यांची पिशवी घेऊन खुंटीला लावली आणि आईंच्याच आवाजात, आईंच्याच ठसक्यात म्हणाली, "सर, पैले जेवा. आमच्या घरात उबं राऊन कुनी बोलत नाय."

आमच्या घरात. मी ते ऐकलं. नवऱ्यानं ऐकलं. आईंनी तर ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि खिरीचं भांडं पुढे सरकवलं. कर्णिक सर पेंढ्यावर मांडी घालून बसले. जाळ बाजूला सारून मडकं उघडलं तेव्हा वालाचा, पाल्याचा आणि जिताड्याचा जो वास सुटला त्यानं त्यांची उरलीसुरली पाच मिनिटं खाल्ली. आई आत बसून भाकरी आणि बिरडं जेवल्या, काशी बाहेर बसून मासा जेवली, दोघींचे गुडघे उंबऱ्याला दोन बाजूंनी टेकलेले. इकडची चटणी तिकडे गेली, तिकडचं काही इकडे आलं नाही. दोन्ही देवांना तक्रारीला जागा राहिली नाही.

जाताना सरांनी खुंटीवरची पिशवी घेतली, काशीकडे बघितलं. पिशवीची चेन तशीच बंद होती. "जिताडा अप्रतिम," एवढंच माझ्या भावाला म्हणाले. काशी जूनपर्यंत आमच्याकडे राहिली. जाताना ती रडली, आई रडल्या नाहीत, त्या तिच्या पिशवीत सोललेले सुके वाल भरत होत्या.

लोक मला विचारतात, परदेशी मुलगी घरात ठेवून तुम्हाला काय मिळालं? मी उत्तर देत नाही, कारण ते बढाईसारखं वाटेल. आता लिहितेच आहे तर बढाईच मारते. माझी सासू चौथीही शिकलेली नाही. खाजणात गुडघाभर चिखलात भात लावलेली, मिठागरावर पाट्या वाहिलेली बाई. एकाचा नेम दुसऱ्याच्या नेमावर न घालता दोन्ही कसे पाळायचे, हे मोठमोठ्यांना जमत नाही. तिनं ते एका संध्याकाळी, उपाशीपोटी, मागच्या दारात करून दाखवलं. मला तिचा अभिमान आहे. तिच्यासमोर हे बोलले तर म्हणेल, भांडी घास. म्हणून इथे लिहिते.

मग विमानतळासाठी गाव उठलं. घर पाडायच्या आदल्या दिवशी आईंनी मागच्या दाराचा उंबरा तेवढा काढून घ्यायला लावला. नव्या घराला मागचं दारच नाही, म्हणून तो गॅलरीत ठेवलाय, त्यावर तुळशीची कुंडी आहे. काशी शिकली, नोकरीला लागली, तिचं लग्न झालं. दर चोवीस डिसेंबरला तिचा फोटो येतो. टेबल, पांढरी चादर, बारा पदार्थ, त्यात एक वालाचं बिरडं, आणि कोपऱ्यात एक रिकामं ताट. त्या ताटावर कधी कोणी बसलेलं दिसत नाही. खाली ती लिहिते, "आये, हे तुमचं." मध्ये एकदा चोवीस तारीख गुरुवारी आली होती, पण त्या वर्षी सगळं जगच घरात कोंडलेलं होतं. आईंनी तेव्हा फोनच्या पडद्याला हळदीकुंकू लावलं आणि माझा फोन चार दिवस पिवळा राहिला.

यंदा नवं कॅलेंडर आल्यावर मात्र त्यांनी ठरवलं. "पासपोर्ट काडा," म्हणाल्या. आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत. फोटोला पांढऱ्या पडद्यासमोर अशा ताठ बसल्या की फोटोवाला मुलगा म्हणाला, आजी, श्वास घ्या. काशीला कळवलं तर तिचं लगेच उत्तर आलं. गुरुवारचा टोप वेगळा आणून ठेवलाय, आणि आमच्याकडे उंबरा नसतो, पण स्वयंपाकघराच्या दारात चादर घालू.

मुंबईहून विमान पकडावं लागेल म्हटलं तर आईंना राग आला. "मुंबईला कशाला? माज्या आंगनातनं विमान उडतंय."

"तिथून पोलंडला जात नाही अजून."

"वरीस हाय ना. जाईल," त्या म्हणाल्या.

परवा पासपोर्टच्या चौकशीसाठी पोलीस ठाण्यातून एक हवालदार घरी आले. तरुण होते, अदबीनं बोलत होते. कागद तपासले, नाव, वय, पत्ता विचारला. मग कागद मिटता मिटता सहज गप्पांवर आले. "कुठं निघालात आजी? दुबईला?"

"पोलंडला."

"अरे वा! तिकडं कोण आहे तुमचं?"

"नात हाय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काहीच दुरुस्त केलं नाही.

"मग फिरायला निघालात होय?"

"नाय. जेवाला," आई म्हणाल्या. "दा वरसं पोरगी माजं ताट मांडून बसलीय."